प्रीॲम्प घेण्याआधी पंखा बंद करून बघा

पत्र : मी मिरजेला गाण्याचे क्लास घेते. घरातल्या दहा बाय अकराच्या खोलीत स्वतःचे अभंग, भावगीतं आणि कधीमधी छोटा ख्याल रेकॉर्ड करते. माझ्याकडे फोकसराइटचा स्कारलेट टू-आय-टू, थर्ड जनरेशन, हा माइक लॅपटॉपला जोडणारा इंटरफेस आहे. माइक दोन : ऑडिओ-टेक्निकाचा एटी २०२० आणि शुअरचा एसएम ५८. लॅपटॉपवर रेकॉर्डिंगसाठी रीपर हे सॉफ्टवेअर वापरते. तक्रारी तीन आहेत. मागे सतत ‘स्स्स’ असा आवाज येतो, मंद्रातलं गाणं दबून जातं आणि तार षड्जाला आवाज फाटतो. पुण्यात साउंड इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा म्हणतो, “मावशी, इंटरफेसमधले प्रीॲम्प काही कामाचे नसतात. बाहेरचा ट्यूब प्रीॲम्प घे आणि एक चांगला कॉम्प्रेसर.” पन्नास हजार रुपये बाजूला ठेवलेत. कोणता प्रीॲम्प घेऊ, कोणता कॉम्प्रेसर? आणि ट्यूबवालाच घ्यावा का? ऑनलाइन क्लासही याच सामानावर चालतात, त्यालाही उपयोग झाला तर बरं.
— एक वाचक, मिरज

ताई, नमस्कार.

आज तरी यातलं काहीच घेऊ नका. तुमच्या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यातली एकही प्रीॲम्प बदलून जाणारी नाही. कॉम्प्रेसरने, म्हणजे मोठे सूर दाबून लहान-मोठ्यातलं अंतर कमी करणाऱ्या यंत्राने, तर पहिली वाढेलच. भाच्याला मी पूर्ण चुकीचं ठरवत नाही, त्याच्याकडे पुढे येतोच. आधी ‘स्स्स’चा हिशेब मांडू. एकदा तो कळला की बाजारातल्या निम्म्या जाहिराती आपोआप निरुपयोगी होतात.

माइकमधून येणारा विजेचा संदेश अगदी क्षीण असतो. तो कामाच्या पातळीवर आणायचा, एवढंच प्रीॲम्पचं मूळ काम. हातभर अंतरावरून मोकळ्या गळ्याने सूर लावला तर माइकपाशी ९४ डेसिबलच्या आसपास आवाज पोचतो असं धरू. तेवढ्या आवाजाला एटी २०२० साधारण १४ मिलिव्होल्ट देतो आणि एसएम ५८ दोन मिलिव्होल्टही देत नाही. म्हणून पहिल्याला तीसेक डेसिबल गेन, म्हणजे वाढ, पुरतो, दुसऱ्याला पंचेचाळीस ते पन्नास लागतो. तुमच्या इंटरफेसमध्ये ५६ आहे. दोन्ही माइकना पुरून थोडा उरतो.

आता खरखर. प्रत्येक प्रीॲम्प स्वतःची थोडी खरखर घालतो. तुमच्या इंटरफेससाठी फोकसराइटने दिलेला आकडा आहे उणे १२८ डीबीयू (विजेच्या संदेशाची पातळी मोजायचं माप; आकडा जितका खाली तितकी खरखर कमी). तो वाचून काही बोध होत नाही, म्हणून शेजारी दुसरा ठेवू. दीडशे ओहमचा एक साधा रेझिस्टर टेबलावर नुसता ठेवला तरी उष्णतेमुळे त्यात जी खरखर असते ती उणे १३१ डीबीयूच्या घरात जाते. हा भौतिकशास्त्राचाच तळ, याच्या खाली कोणी जाऊ शकत नाही. मोजण्याच्या पद्धतीत थोडाफार फरक धरला तरी तुमच्या प्रीॲम्पमध्ये सुधारायला दोन-चार डेसिबलच शिल्लक आहेत. तीन लाखांचा प्रीॲम्प आणलात तरी तेवढेच.

आणि एटी २०२० ची स्वतःची खरखर? कंपनी ती २० डेसिबल सांगते. विजेच्या मापात ती उणे १०९ डीबीयूच्या जवळ येते, म्हणजे प्रीॲम्पच्या खरखरीपेक्षा एकोणीसेक डेसिबल वर. शिवाय छताचा पंखा फिरत असलेली, खिडकीबाहेर रस्ता असलेली आपल्याकडची खोली चाळीस डेसिबलच्या खाली क्वचितच असते. ती माइकच्याही वर आणखी वीस डेसिबल. सगळ्यात वर खोली, तिच्या खूप खाली माइक आणि त्याच्याही खूप खाली प्रीॲम्प, अशी ही उतरंड आहे. दारात वरातीचा बँड वाजत असताना भिंतीवरचं टिकटिक करणारं घड्याळ बदलून शांतता मिळत नाही, तसंच हे.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा. रात्री वर्दळ थांबल्यावर एटी २०२० लावा, गेनचा खटका नेहमीच्या जागी ठेवा आणि न गाता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, पंखा चालू ठेवून. मग पंखा बंद करून तेवढंच. तिसऱ्यांदा माइक चालू ठेवूनच गोधडीत गुंडाळा, कपड्यांच्या कपाटात ठेवा, दार लोटा आणि पुन्हा अर्धा मिनिट. वायर मात्र माइकमधून काढू नका. उघड्या इनपुटची खरखर वेगळी असते, तिच्यावरून चुकीचा निष्कर्ष निघतो. आता रीपरच्या मीटरवर तिन्ही आकडे बघा. पहिल्या दोनमध्ये मोठी दरी दिसली तर गुन्हेगार पंखा. दुसऱ्या-तिसऱ्यात दिसली तर खोली आणि रस्ता. तिसऱ्यातही जे उरेल ते मुख्यतः माइकचं. प्रीॲम्प कुठे सापडतो का ते बघा.

‘स्स्स’ऐवजी खालच्या पट्टीत ‘घूं’ असा आवाज येत असेल तर तो वेगळा विषय. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो ५० किंवा १०० हर्ट्झवर बसतो. लॅपटॉपचा चार्जर काढून फक्त बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. आवाज गेला तर अर्थिंग नीट नाही किंवा दोन उपकरणं दोन वेगवेगळ्या सॉकेटमधून अर्थ घेतायत. सगळं एकाच तीन पिनांच्या बोर्डावर आणा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका, स्वस्त इन्व्हर्टरची लहर चौकोनी असते आणि ती माइकच्या वायरीत घुसते. पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही तेच करतो.

बरं, पंखा बंद केला, खिडकी लावली, रात्री अकराला बसलात, तरी मंद्रातल्या आलापात खरखर जाणवते, असं झालं तर? तर माइक बदला. २० डेसिबल हा एटी २०२० सारख्या कंडेन्सर माइकसाठी बराच मोठा आकडा आहे. रोड या कंपनीच्या एनटी १ ची स्वतःची खरखर कंपनी ४ डेसिबल सांगते. सोळा डेसिबलचा फरक कानाला थेट कळतो आणि तो माइक तुमच्या पन्नास हजारांत बसून पैसे उरतातही. मात्र खोली आधी, माइक नंतर. चाळीस डेसिबलच्या खोलीत चार डेसिबलचा माइक आणून हाती काही लागत नाही.

आता भाचा. तो शिकतो तिथल्या स्टुडिओत खोली आधीच बांधलेली असते, भिंतींत आवाज शोषणारं रॉकवूल असतं, एसीचे डक्ट मुद्दाम रुंद ठेवलेले असतात, माइक लाखाच्या घरातले असतात. हे सगळं जागेवर असलं की प्रीॲम्पचा फरक खरोखर ऐकू येतो. तो जे ऐकतो ते खोटं नाही, फक्त ते शेवटच्या पायरीवरचं आहे आणि आपण पहिल्या पायरीवर उभे आहोत.

तो फरक असतो तरी काय? या जगात सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते नीव्ह १०७३ चं. इंग्लंडमध्ये रूपर्ट नीव्ह यांनी १९७० साली बनवलेलं हे मिक्सिंग कन्सोलचं मॉड्यूल. त्यात आत येताना आणि बाहेर जाताना ट्रान्सफॉर्मर आहेत. संदेश जोरात ढकलला की ते ट्रान्सफॉर्मर आणि आतले ट्रान्झिस्टर मिळून थोडी विकृती घालतात, खालचे स्वर किंचित भरल्यासारखे लागतात, वरची धार जराशी गोल होते. याला रंग म्हणा. खरखर कमी करण्याशी त्याचा संबंध नाही. अस्सल नीव्ह लाखांत जातो. त्याच्या धर्तीवर स्वीडनच्या गोल्डन एज प्रोजेक्टने प्री-७३ काढला, अमेरिकेतल्या टेक्सासच्या वॉर्म ऑडिओने डब्ल्यूए ७३ काढला. दोन्ही वस्तू प्रामाणिक आहेत. पण डॉलरमधली किंमत बघून आपण हिशेब करतो आणि इथे येईपर्यंत त्यात वाहतूक, सीमाशुल्क आणि १८ टक्के जीएसटी मिळतो. तुमचे पन्नास हजार एका चॅनेलच्या रंगात संपतील. एका माइकवर एक आवाज, मागे तबला आणि पेटी, एवढ्या मांडणीत तो रंग न बघता, नुसतं ऐकून ओळखायला लावला तर बहुतेक जण चुकतील, असं माझं मत आहे. वीस-वीस ट्रॅक एकाच प्रकारच्या प्रीॲम्पमधून गेले की तो साचत जातो आणि मग कळतो. ते काम तुमचं नाही.

ट्यूबबद्दल, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या व्हॉल्व्हबद्दल, मी जास्त कडक आहे. ट्यूबच्या अस्सल उपकरणात ट्यूबच्या प्लेटला दोनशे-तीनशे व्होल्ट दिलेले असतात. त्यासाठी वजनदार ट्रान्सफॉर्मर लागतो आणि खर्च तिथेच होतो. दहा-पंधरा हजारांत मिळणाऱ्या बहुतेक ‘ट्यूब’ डब्यांत ही ट्यूब अगदी कमी व्होल्टेजवर उपाशी ठेवलेली असते. खरं काम करतात साध्या ऑप-ॲम्प चिप्स. मागून एक एलईडी लावून खिडकीतून केशरी उजेड दाखवतात. तिचा खटका पिळला की येते ती ऊब नसते, घरघर असते. गिटारवाल्या मुलाला ती मुद्दाम हवी असेल, त्याला जरूर घेऊ दे. अभंगावर नको.

प्रीॲम्पच्या गरजेचं एक खरंखुरं प्रकरण आहे, ते सांगून हा विषय संपवतो, कारण उद्या कोणी तुम्हाला शुअरचा एसएम ७ बी घ्यायला सांगेल. पॉडकास्टमुळे तो सगळीकडे दिसतो. हा डायनॅमिक माइक ५८ पेक्षाही मंद आहे, तेवढ्याच आवाजाला जेमतेम एक मिलिव्होल्ट देतो आणि हळू बोलणाऱ्याला साठ डेसिबल किंवा जास्त गेन मागतो. तुमच्या ५६ मध्ये तो उपाशी राहील. रिबन माइकचंही तसंच. तिथेही मोठा प्रीॲम्प लागत नाही. क्लाउडलिफ्टर सीएल १ सारखी छोटी डबी इंटरफेस माइकच्याच वायरीतून देतो त्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर चालते आणि २५ डेसिबल स्वच्छ वाढवून देते. फेटहेड नावाची नळी माइकच्या मागेच बसते आणि २७ देते. नवा इंटरफेस घेणाऱ्याला तर तेही नको. त्याच स्कारलेटच्या चौथ्या पिढीच्या टू-आय-टूमध्ये ६९ डेसिबल गेन आला आहे. तुमच्या दोन माइकना यातलं काही नको, एवढं पक्कं.

कॉम्प्रेसरकडे वळू. इथे एक साधी अडचण कोणी बोललेलं दिसत नाही. तुमच्या इंटरफेसला बाहेरचा कॉम्प्रेसर जोडायला जागाच नाही. कॉम्प्रेसर लाइन पातळीवर, म्हणजे प्रीॲम्पने वाढवलेल्या संदेशावर, काम करतो, म्हणून तो प्रीॲम्पनंतर आणि डिजिटल होण्याआधी बसला पाहिजे. टू-आय-टूमध्ये या दोन टप्प्यांच्या मधे इन्सर्टचं भोक नाही. माइक आत गेला की थेट आकडे होऊनच बाहेर पडतो. म्हणजे कॉम्प्रेसर घेतलात की आधी बाहेरचा प्रीॲम्पही घ्यावाच लागेल, दोन्ही मिळून लाइन इनपुटला जोडावे लागतील आणि इंटरफेसमधला ज्याचे पैसे भरलेत तो प्रीॲम्प तळाशी फिरवून ठेवावा लागेल. आणि घेतल्यावर घाईत बाहेरच्या प्रीॲम्पची एक्सएलआर वायर पुन्हा माइकच्याच भोकात खुपसणारे पुष्कळ. तिथे एकावर एक दोन प्रीॲम्प चढतात, आवाज फाटतो आणि दोष नव्या वस्तूला बसतो.

आणि मुळात आत येतानाच कॉम्प्रेस का करायचं? टेपच्या काळात त्याला सबळ कारण होतं. टेपची स्वतःची फुसफूस होती, हळू सूर त्यात बुडायचा, जोरात गायलं की टेप भरून जायची. म्हणून गायकाचा चढउतार टेपवर जाण्याआधीच आवळून घेत. आपण २४ बिटवर रेकॉर्ड करतो. कागदावर तिथे १४४ डेसिबलची जागा आहे, तुमच्या इंटरफेसच्या माइक इनपुटला प्रत्यक्षात १११ मिळते. तुमचा सगळ्यात मोठा तार षड्ज मीटरवर उणे दहा-बारापाशी ठेवला आणि मंद्र पंचम उणे पस्तीसला गेला, तरी तो इंटरफेसच्या खरखरीच्या कितीतरी वर असतो. काही हरवत नाही. नंतर निवांत वर आणता येतो.

तुमचा तार षड्ज फाटतो तो गेन जास्त असल्यामुळे. एटी २०२० १४४ डेसिबलपर्यंत सहन करतो, तिथवर कुठलाच गळा जात नाही, त्यामुळे माइक निर्दोष आहे. मंद्र दबतं म्हणून तुम्ही खटका वर नेला असणार आणि वर गेल्यावर तोच महागात पडला. गेनच्या खटक्याभोवतीची कडी लाल झाली की तो सूर गेला, रीपरमधला कुठलाही कॉम्प्रेसर त्याला परत आणत नाही. म्हणून गाण्यातली सगळ्यात जोरकस जागा आधी म्हणून बघा, एखादी तान, नाट्यगीत असेल तर शेवटची पुकार, आणि खटका त्यावर लावा. गाताना माणूस तालमीपेक्षा थोडं जास्तच लावतो, तेवढी जागा सोडा.

मंद्रासाठी पहिला कॉम्प्रेसर तुमची मान. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज साधारण सहा डेसिबल उतरतो. मंद्रात माइकपासून वीतभर राहा, तारेत दीड-दोन वीत मागे जा. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या, माइकला जवळून गायलं की खालचे स्वर जास्त भरतात, ही त्याची खोडच आहे. मंद्राला नेमकं तेच हवं असतं. फुंकर लागू नये म्हणून मधे पॉप फिल्टर. तुम्ही शिकवता, तेव्हा हे तुम्हाला मुलांपेक्षा लवकर जमेल. मात्र मान हळू हलवा, झटक्याने मागे गेलात तर मींडेच्या मधोमध खोलीचा आवाज एकदम वर येतो.

हे झाल्यावर कॉम्प्रेसर हवाच, सुगम संगीताला तर नक्की. तो तुमच्या लॅपटॉपवर आधीच आहे, रीपरमधला रीकॉम्प. त्याचा तोंडवळा रुक्ष आहे, पण कामात कुठे कमी नाही. भावगीताला असं करून बघा. रेशो तीनास एक. अटॅक, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, वीस मिलिसेकंद; रिलीज, म्हणजे सोडायला लागणारा, दीडशे. थ्रेशोल्ड, म्हणजे दाबणं जिच्या वर सुरू होतं ती रेषा, हळूहळू खाली आणत जा, जोराच्या जागी दबाव दाखवणारी पट्टी चार-पाच डेसिबल हलली की थांबा. दबलेलं आपोआप वर आणणाऱ्या ऑटो मेकअपची खूण काढून टाका आणि दबलेलं स्वतः वर आणा. समजा थ्रेशोल्ड उणे वीस आहे आणि एक सूर उणे आठला गेला. तो रेषेच्या बारा डेसिबल वर आहे, तीनास एकने त्याचे चार होतात, म्हणजे सूर उणे सोळाला उतरला, आठ डेसिबल दबले. भावगीतासाठी हे जरा जास्तच झालं, थ्रेशोल्ड थोडा वर घ्या. हा हिशेब एकदा कागदावर केलात की रेशो आणि थ्रेशोल्डची भीती जाते.

आता लक्षात घ्या, मोठे सूर पाच डेसिबल दाबून तुम्ही सगळा ट्रॅक पाच डेसिबल वर घेतलात. त्याबरोबर दोन ओळींमधला पंखाही पाच डेसिबल वर आला. कॉम्प्रेसर तुमची पहिली तक्रार वाढवेल असं म्हणालो ते यामुळे. यंत्र हजाराचं असो की लाखाचं, त्याचा धर्म तोच. गेट लावून शांत जागा कापता येतात, पण श्वास आणि न्यासाची शेपूट त्याबरोबर कापली जाते. आणि स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी कुठलाच गेट अडवत नाही.

छोट्या ख्यालाला मी कॉम्प्रेसर जवळजवळ लावतच नाही. लावलाच तर दीडास एक, जेमतेम दोन डेसिबल. त्या गाण्यात लहान-मोठं हाच अर्थ असतो, यंत्राला ते कळत नाही. तिथे हाताने करा. रीपरमध्ये ट्रॅक निवडून ‘व्ही’ दाबलं की आवाजाची रेषा उघडते. दबलेल्या ओळी तिथे दोन-तीन डेसिबल उचला. वेळ लागतो, पण ऐकणाऱ्याला काही केलंय हे कळतही नाही. दुसरी काळजी तानपुऱ्याची. तोच माइक तानपुराही उचलत असेल तर प्रत्येक सुरानंतर कॉम्प्रेसर सैल पडतो आणि तानपुरा फुगतो, सूर लागला की पुन्हा बसतो. ही धाप फार वाईट ऐकू येते. इलेक्ट्रॉनिक तानपुरा असेल तर तो हेडफोनमध्येच ऐका आणि वायरीने वेगळ्या ट्रॅकवर घ्या. पण ताई, मिरजेत राहता, २०२४ साली तिथल्या तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. एकदा खरा तानपुरा एकट्याचा दहा मिनिटं नीट रेकॉर्ड करून ठेवा, काळी चारचा किंवा तुमची जी पट्टी असेल तिचा. वर्षभर पुरेल.

तबल्यावर अटॅक वीस-तीस मिलिसेकंदांच्या खाली नेऊ नका. ‘ना’चा ठोका पहिल्या काही मिलिसेकंदांतच असतो, कॉम्प्रेसरने तो चटकन पकडला की चाटीचा टणत्कार जातो आणि तबला पुठ्ठ्यासारखा वाजतो. अटॅक सैल ठेवला तर उलट बायाची घुमक छान वर येते. पेटीला काही नको.

ज्यांच्या नावांनी बाजार चालतो ते दोन कॉम्प्रेसर ओळखीचे असू द्या, कारण त्यांच्या नकला तुम्हाला फुकटात मिळणार आहेत. टेलेट्रॉनिक्सचा एलए २ ए साठच्या दशकातला. त्यात आवाजाच्या जोरावर एक छोटी पट्टी उजळते आणि समोरचा प्रकाशाला बदलणारा रेझिस्टर आवाज दाबतो. प्रकाश विझायला वेळ लागतो म्हणून तो सुरुवातीला भरकन आणि मग रेंगाळत सुटतो, गळ्याला ते मानवतं. खटके दोनच, किती दाबायचं आणि किती वर आणायचं. दुसरा ११७६, बिल पुटनम यांचा, १९६७ चा. अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद, म्हणजे मिलिसेकंदाच्याही आत. त्याचे अटॅक-रिलीजचे खटके उलटे आहेत, उजवीकडे शेवटाला नेलं की सगळ्यात वेगवान. नवखे इथे हमखास फसतात. आधी ११७६ ने टोकं छाटायची आणि मग एलए २ ए ने सगळं सावरून घ्यायचं, ही गायनासाठी जुनी जोडी आहे. ॲनालॉग ऑब्सेशनचे ‘फेटिश’ आणि ‘लाला’ हे फुकट प्लगइन, म्हणजे रीपरच्या आत चालणारे छोटे प्रोग्राम, याच दोघांच्या वळणाचे आहेत. क्लांगहेल्मचा डीसी १ ए हाही फुकट, दोनच खटक्यांचा. चढाओढीने दहा उतरवू नका. एक ‘लाला’ घ्या आणि सहा महिने तोच वापरा.

इतकं करूनही हातात फिरवायला खरी वस्तू हवी वाटली तर एफएमआर ऑडिओचा आरएनसी १७७३ बघा. टेक्सासमधली ही छोटी कंपनी आहे, डबी दिसायला सामान्य, अमेरिकेत दोनशे डॉलरच्या आसपास मिळत आलेली, आणि तिच्यातला ‘सुपर नाइस’ बटणाचा प्रकार गायनावर खरंच सुरेख चालतो. पण त्यासाठी इन्सर्ट असलेला इंटरफेस किंवा मिक्सर लागेल, वर सांगितलेली अडचण तिथेही सुटत नाही. आणि अमेरिकेतल्या दिराकडून किंवा भावाकडून काहीही मागवलंत तर आधी त्याचा ॲडॉप्टर बघा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. मागे व्होल्टेजचा खटका नसेल आणि तसंच लावलंत तर पहिल्याच दिवशी धूर. त्याची वॉरंटीही इथे कोणी मानत नाही.

तर पन्नास हजारांचं काय करायचं? पहिले काही हजार खोलीवर. कार्डिऑइड माइक मागून कमी ऐकतो आणि समोरून सगळं ऐकतो, म्हणजे तुमच्या तोंडाबरोबर तुमच्या पाठीमागची भिंतही ऐकतो. बहुतेक जण माइकच्या मागे फोम लावतात आणि स्वतःच्या पाठीमागे उघडी भिंत ठेवतात. उलट करा. घनमीटरला ४८ किलो घनतेचं ५० मिलिमीटर जाडीचं रॉकवूल घ्या, सुताराकडून चार बाय दोन फुटांच्या लाकडी चौकटी करून घ्या, वर मांजरपाट ताणून बसवा. तशा चार-सहा चौकटी पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना, भिंतीपासून दोन इंच सोडून. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि नाकाला रुमाल, त्याचे तंतू टोचतात. तोवर दोरीवर दोन जाड गोधड्या आणि फरशीवर सतरंजी यानेही बराच फरक पडेल. अंड्यांचे ट्रे लावू नका, ते आवाजापेक्षा धूळच जास्त धरतात.

मग कानाला घट्ट बसणारे हेडफोन नसतील तर ते, नाहीतर गाताना ट्रॅक माइकमध्ये गळतो. मग, कपाटाच्या चाचणीने तसं सांगितलं तर, एनटी १ किंवा त्या तोडीचा शांत माइक. उरलेले ठेवून द्या.

आणि ऑनलाइन क्लास. हे एकच काम असं आहे जिथे बाहेरच्या डब्याचा विचार मी ऐकून घेईन, कारण तिथे नंतर दुरुस्त करायची सोय नसते. डीबीएक्सचा २८६ एस पाहून ठेवा. एकाच पट्टीत ६० डेसिबलपर्यंतचा माइक प्रीॲम्प, दोन खटक्यांचा कॉम्प्रेसर, ‘स’-‘श’ची शिट्टी कमी करणारा डी-एसर आणि शांत जागी आवाज उतरवणारा एक्स्पांडर असतो. मात्र तो घेण्याआधी झूममध्ये संगीतासाठी दिलेलं ‘ओरिजिनल साउंड’ चालू करून एक क्लास घ्या. ते बंद असलं की झूम सलग वाजणाऱ्या कुठल्याही आवाजाला कटकट समजून पुसत राहतं. मुलं “मॅडम, तानपुरा मधेच जातो” म्हणत असतील तर तो तिथेच जातोय, आणि २८६ एस लावूनही जाईल.